फिल्टर दर आठवड्याला धुऊनही धूर हूडबाहेर येतो. मोठा ब्लोअर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला कचोरी-समोशाचं किचन आहे, संध्याकाळी कोळशाचा तंदूर लागतो, फिल्टर दर सोमवारी धुतले जातात, तरी धूर चुलीवरच्या हूडखालून बाहेर पडतो आणि वरचे भाडेकरू वासाने हैराण आहेत. ब्लोअर, म्हणजे धूर खेचून बाहेर टाकणारा पंखा, इतक्यात घेऊ नका. आधी आहे तो कुठल्या दिशेने फिरतोय ते बघा.

हसू नका. मी रामबागेतला, नमकीन आणि केटरिंगचं किचन चालवतो. सकाळी सहापासून शेवेचे घाणे निघतात. मागे मोटर रिवाइंड करून आणली आणि दुसऱ्या दिवसापासून डोळे चुरचुरायला लागले. कारागीर म्हणाला, "भैया, हवा तो फेंक रहा है।" फेकत होताच. थ्री-फेजच्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. घरातला पंखा उलटा फिरला की वारा लागत नाही, लगेच कळतं. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला टाकतो, फक्त फारच कमी. ब्लोअरच्या अंगावर बाणाची खूण असते, ती मी पंधरा दिवसांनी पाहिली. तोवर नव्या ब्लोअरचं कोटेशनही मागवून झालं होतं! त्याच वेळी पट्टा ढिला आहे का आणि पंख्याच्या पात्यांवर चिकटा चढलाय का तेही बघून घ्या, पण मेन स्विच बंद करून.

दुसरी परीक्षा फुकटची आहे. कढई तापलेली असताना मागचं दार सताड उघडा. उघडताच धूर सरळ वर ओढला गेला तर ब्लोअर निर्दोष आहे, आत यायला हवाच नाही. जितकी हवा बाहेर टाकाल जवळजवळ तितकी आत यायला हवी. आपण मात्र धूळ येते म्हणून एकेक फट बुजवत जातो. दार ढकलताना जोर लागत असेल तर समजा हेच दुखणं आहे.

आता डक्ट, म्हणजे हूडमधून धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी. फिल्टर चकाचक म्हणजे सगळंच चकाचक, हा माझाही समज होता. बॅफल फिल्टर तेलकट वाफेला वळसे घ्यायला लावतो. जड थेंब पत्र्याला धडकून खाली ट्रेमध्ये ओघळतात, बारीक थेंब आणि वाफ मात्र पुढे निघून जाते आणि डक्टच्या गार पत्र्यावर बसते. आमच्याकडे बसवणाऱ्याने वळणावर झाकणच ठेवलं नव्हतं, रिव्हेट तोडून उघडावं लागलं. आत टॉर्च मारली तर तळाला किटण, वरून मधासारखं लिबलिबीत, खाली डांबरासारखं घट्ट. उलथन्याने खरवडलं तर चिक्कीसारखे तुकडे निघाले. खवट वास दोन दिवस हातांवरून गेला नाही. कढईने भडका घेतला आणि आग आत शिरली तर हेच जळण. म्हणून "हवा जास्त खेचते" म्हणत पोरं एखादा फिल्टर काढून ठेवतात ते चालू देऊ नका. फिल्टर नाही तर बर्नर नाही.

प्रत्येक वळणापाशी झाकण करून घ्या. किती दिवसांनी बघायचं? अमेरिकेचं एनएफपीए ९६ हे मानक लाकूड-कोळशावरच्या स्वयंपाकासाठी दर महिन्याला, दणकून तळण असेल तिथे ३ महिन्यांनी आणि मध्यम कामाला ६ महिन्यांनी तपासणी सांगतं. त्यातच कोळशाचा धूर वेगळ्या डक्टने न्यावा असंही आहे. तुमचा तंदूर कढईच्याच हूडखाली असेल तर खर्च तिथे करा, ठिणगी आणि तेल एका नळीत नको. तुम्ही पोहेही करता म्हणालात, त्यांची काळजी नको, आपले पोहे वाफेवरचे.

धुण्याबद्दल एकच सांगतो. फिल्टर स्टीलचे असतील तर कास्टिक सोडा चालतो, हातमोजे आणि चष्मा घालून. अॅल्युमिनियमचे असतील तर कास्टिक अजिबात नको. मी रात्रभर भिजत घातले होते. पाणी फसफसत राहिलं आणि सकाळी काळी, विरलेली जाळी हातात आली. त्यांना गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे.

वासाचं म्हणाल तर ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने हवा गाळणारं मशीन, धुराचे कण पकडतो, वास नाही. वासाला कार्बन फिल्टर लागतो आणि तो ईएसपीतून हवा गेल्यानंतर, नाहीतर तेलाने चिकटून लवकरच निकामी होतो. ईएसपीचे सेल, म्हणजे कण धरणारे आतले खण, धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. ओले बसवले की आत तडतड होते आणि मशीन ट्रिप होतं. आम्ही सेलचा दुसरा जोड घेतला, पैसे वसूल.

आणि कढईतलं तेल बघा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात २५ टक्क्यांवर टोटल पोलर कम्पाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणारे खराब घटक) गेलेलं तेल वापरायला बंदी आहे, आणि थकलेलं तेल कमी तापमानालाच धुरायला लागतं. माझ्याकडे तेल वेळेवर बदलायला लागल्यापासून डक्टवरचा थरही हळू चढतो.

आधी बाण, मग दार. दोन्हीत काय दिसलं ते खाली लिहा, डक्टची लांबी आणि वळणं किती तेही सांगा, म्हणजे ब्लोअरचं पुढे बोलता येईल.