पडलो असं सांगितलं, तर घर सुटेल

वयस्कर आईवडिलांबद्दल सल्ला विचारायला माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न मला आता पाठ झाला आहे. "बाबा एकटे राहतात, मध्ये पडले, तरी आमच्याकडे यायला तयार नाहीत. नुसता हट्ट. त्यांना कसं समजवायचं?" कधी बाबांच्या जागी आई असते, एवढाच फरक. विचारणारा दमलेला असतो, रात्री फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो, आणि मी त्याच्या बाजूने चार शब्द बोलावेत अशी त्याची अपेक्षा असते. मी आधी दोनच गोष्टी विचारते. किती वाजता पडले? आणि पडल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "शेजाऱ्यांनी" असं येतं. माझ्या दृष्टीने खरी अडचण तिथे आहे.

साताऱ्यातल्या एका कुटुंबाचं सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अप्पा ७९ वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. पत्नी काही वर्षांपूर्वी गेली. पेठेतलं जुनं बैठं घर, न्हाणी आणि संडास मागच्या अंगणापलीकडे. मुलगा संजय पुण्यात वाकडला, मुलगी वृषाली अमेरिकेत. शेजारच्या काकूंनी संजयला कळवलं की अप्पांच्या कपाळावर टेंगूळ आलंय आणि विचारलं तर म्हणतात, दार लागलं. संजय शनिवारी आला, त्याने अप्पांची बॅग भरली. अप्पांनी ती रिकामी केली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. वृषालीने तिकडून एका महागड्या वृद्धनिवासाची माहिती पाठवली, त्यानंतर अप्पांनी तिचे फोन घेणंच बंद केलं.

माझ्यासमोर अप्पा, संजय आणि सून मेधा असे तिघे बसले. संजय बराच वेळ बोलला. अप्पा भिंतीकडे बघत होते. मेधा गप्प होती, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, अप्पा आले तर मला आनंदच आहे. पण आम्ही दोघं सकाळी आठला घर सोडतो, यायला सात वाजतात. मुलगी कॉलेजला. म्हणजे अकराव्या मजल्यावर दिवसभर ते एकटेच असणार. इथे निदान काकू आहेत, कट्टा आहे."

संजयच्या चेहऱ्यावरून वाटलं, हा हिशेब घरात कुणी मांडलाच नव्हता. मुलाकडे नेलं म्हणजे सुरक्षित, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कित्येक घरांत एकटेपणाचा फक्त पत्ता बदलतो, आणि वर ओळखीचा रस्ता, वाणी, देऊळ, डॉक्टर सगळंच सुटतं.

मी संजयला एकच मागणं केलं. तीन महिने हलवण्याचा विषय काढायचा नाही. अप्पांसमोर आत्ता तसा शब्द द्यायचा. त्याला ते पटलं नाही. "आणि त्या तीन महिन्यांत काही झालं तर?" रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, आत्ताही काहीतरी होतंच आहे, फक्त तुम्हाला कळत नाही. अप्पांना आज एवढंच दिसतंय की पडल्याचं कबूल केलं की घर जाणार. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस दार लागलं असंच सांगेल.

संजयने शब्द दिला, पण ओठ आवळूनच. अप्पा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. पुढच्या भेटीत मात्र बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, चारदा पडलोय. टेंगूळ आलं ते चौथ्यांदा."

चारही वेळा पहाटे, तीन ते पाचच्या दरम्यान. लघवीला उठायचं, अंगणात दोन पावलं टाकली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दिवसा एकदाही नाही. म्हणजे प्रश्न चोवीस तासांचा नव्हताच, पहाटेच्या दोन तासांचा होता.

घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, असं मी प्रत्येकाला सांगते. चालू, बंद, अर्धवट राहिलेल्या पट्ट्या, तेलं, चूर्णं, सगळं. अप्पांची पिशवी टेबलावर ओतली तेव्हा रक्तदाबाच्या दोन पट्ट्या निघाल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, पण खालच्या बारीक अक्षरांत दोन्हींवर अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे औषध एकच. एक साताऱ्यातल्या डॉक्टरांची, अनेक वर्षांपासूनची. दुसरी पुण्यात तपासणी केली तेव्हाची, त्यात आणखी एक औषध मिसळलेलं. जुनी बंद करायची का, हे अप्पांनी विचारलं नव्हतं. "दोन्ही डॉक्टर हुशार, मग दोघांचंही ऐकलं." त्याशिवाय प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, जे उभं राहिल्यावर दाब आणखी खाली आणू शकतं. आणि झोपेची अर्धी गोळी, जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून परस्पर मिळत आलेली.

मी डॉक्टर नाही. कुठली गोळी चालू ठेवायची हे सांगणं माझं काम नव्हे, आणि वाचणाऱ्यांनीही मनाने काही बंद करू नये. झोपेची गोळी तर एकदम तोडली की उलट त्रास होतो. मी फक्त एका कागदावर यादी केली, पडण्याच्या वेळा लिहिल्या आणि त्यांना एकाच फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी अप्पांना पाच मिनिटं झोपवून दाब घेतला, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ती नोंद घेण्यासारखी बाब असते. अप्पांचा त्याहून बराच उतरला. एकच औषध दोनदा जाणं थांबलं, बाकीच्यांच्या वेळा बदलल्या, झोपेची हळूहळू कमी करायचं ठरलं. दाब मोजायचं यंत्र घरी आलं आणि अप्पांमधला वाहतूक नियंत्रक जागा झाला. फूलस्केप वहीत रकाने आखून तारीख, वेळ, बसून, उभं राहून, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एकदा लिहिलं होतं, "संजूचा फोन. दोन वेळा."

वडीलधारं माणूस पडलं की आपण गुडघे, चप्पल, फरशी असं सगळं तपासतो. गोळ्यांची पिशवी तपासायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. दोन-तीन तज्ज्ञ चालू असतील तर वर्षातून एकदा तरी सगळ्या पट्ट्या एकाच डॉक्टरांसमोर मांडा. नुसते कागद नेऊन भागत नाही, कारण कागदावर असतं ते आणि पोटात जातं ते यांत फार अंतर असतं.

घरात फार मोठं काही करावं लागलं नाही. पलंगापासून मागच्या दारापर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, दाराशी घसरणारं पायपुसणं काढलं, संडासात भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, आतल्या कडीऐवजी बाहेरूनही उघडता येईल असं लॅच. उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं. खरी लढाई झाली ती युरिन पॉटवरून. रात्री अंगणात जायचंच नाही, पॉट वापरायचा, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. अप्पा म्हणाले, "मी काय पेशंट आहे?" दोन आठवडे तो पलंगाखाली पडून होता. मेधाने मग त्यावर एक शब्दही न काढता न्हाणीतलं जुनं झाकणाचं डबडं पलंगाशी आणून ठेवलं. ते चाललं. इथे तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

रात्रीसाठी माणूस हवा होता. संजय चोवीस तासांचा माणूस ठेवायला निघाला होता. मी अडवलं, कारण दिवसा अप्पा स्वतःचं सगळं करत होते आणि समोर कुणी नुसतं बसून राहिलेलं त्यांना सहन झालं नसतं. गल्लीतलाच ओळखीचा, आयटीआयला जाणारा मुलगा रात्री झोपायला यायला लागला, महिन्याचे पैसे ठरवून. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून कुणी घेत असाल तर कामं कागदावर लिहून घ्या. अंघोळ घालणं, डायपर बदलणं, स्वयंपाक यांतलं काय करणार आणि काय नाही, सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, पोलीस पडताळणी झाली आहे का. इंजेक्शन, कॅथेटर, जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची कामं आहेत, अटेंडंटची नाहीत. इथे पैसे वाचवायला जाऊन पस्तावलेली घरं पाहिली आहेत.

पैशांवरून आठवलं. "आता आयुष्मान कार्ड आहे ना, सगळं त्यात होतं," असं बरेच जण म्हणतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात हे खरं. आधारवर 'वय वंदना' कार्ड निघतं आणि खासगी विमा असला तरी चालतं. पण ते योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी, रात्रीचा माणूस, वॉकर यांचा खर्च घरालाच करावा लागतो. म्हणून कार्ड काढून ठेवा, जवळचं कुठलं रुग्णालय योजनेत आहे हे आधीच बघा, आणि घरच्या देखभालीचे पैसे वेगळे धरा. अप्पांच्या फोनजवळच्या भिंतीवर आम्ही मोठ्या आकड्यांत तीन नंबर लावले: शेजारच्या काकू, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.

तीन महिन्यांनी घर सोडण्याचा विषय निघाला तो अप्पांकडूनच. मी त्यांना विचारलं होतं, काय झालं तर तुम्ही स्वतः म्हणाल की आता एकटं राहणं पुरे? त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं. संडासला स्वतः जाता आलं नाही तर. गॅस चालू राहिला, असं दोनदा झालं तर. ओळखीच्या रस्त्यावर चुकलो तर. संजयने वाचलं आणि म्हणाला, "अप्पा, गॅस एकदाच राहिला तरी मला कळवायचं." त्यावर थोडी खडाजंगी झाली. शेवटी 'कळवणे एकदा, हलणे दोनदा' असं ठरलं आणि दोघांनी सह्या केल्या. विसरभोळेपणाची तपासणी आधीच करून घेतली होती, तिच्यात काळजीचं काही नव्हतं. तसं असतं तर सगळंच गणित वेगळं झालं असतं. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसाला असा करार करून एकटं ठेवता येत नाही.

त्याच बैठकीत अप्पा म्हणाले की मला नळ्या लावून महिनोन् महिने ठेवू नका, हेही लिहायचंय. संजय उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. त्यात निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून अप्पांनी वृषालीचं नाव आधी लिहिलं आणि संजयचं नंतर. कारण विचारल्यावर म्हणाले, "हा रडेल." वृषालीचे फोन घेणं त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झालं.

इतकं सगळं करूनही पुन्हा पडले तर? लोक हे विचारतातच. पडू शकतात. अप्पा पावसाळ्यात पडले, भर दुपारी, अंगणातल्या शेवाळावरून. मनगटाचं हाड मोडलं. संजयला फोन मात्र त्यांनी स्वतः केला, काकूंच्या मोबाइलवरून, दहा मिनिटांच्या आत. संजय पुण्याहून पोचेपर्यंत काकूंच्या मुलाने एक्स-रे करून आणला होता. प्लास्टर निघेपर्यंत दिवसाचाही माणूस ठेवला, अंगणात खरबरीत शहाबादी टाकून घेतली. बॅग भरायचा विषय कुणी काढला नाही. वहीत त्या तारखेपुढे शेरा आहे: "पडलो. कळवले."