कपाटातली बाळंतीण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी पानं मिळाली, दोनदा वाचली. बोका बोलतो ती तीन पानं काढून टाक. तुझा बोका निवडणुकीवर बोलतो, दुधाच्या भावावर बोलतो, आत्याच्या वजनावर बोलतो. बोक्याला यातलं काय पडलंय? पण चौथ्या पानावर, एका वाक्याच्या शेपटाला तू सहज लिहून गेली आहेस की आजोबा घरात सगळ्यांना अरे-तुरे करतात आणि बोक्याला मात्र ‘अहो’ म्हणतात. ‘अहो, उठा आता, मला बसायचंय.’ अगं, हे टाकून तू पुढे गेलीसच कशी? मी तिथे थांबले, चष्मा काढला आणि पोटभर हसले. ते एक वाक्य तू पाहिलेलं आहेस, बाकीचं रचलेलं आहेस. पाहिलंस तेच लिही. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

तू विचारतेस, घरच्यांवर लिहावं की लिहूच नये? आत्या महिनाभर बोलत नाही म्हणून तू हवालदिल झाली आहेस. मला सांग, तू लिहिलंस तशी आत्या खरंच लग्नात तीनदा पंगतीला बसली होती का? नव्हती ना? मग ती हसण्यावर रुसलेली नाही. तिच्या नावावर तू दुसरीच बाई उभी केलीस, त्याचं तिला दुःख आहे.

हे मला कसं कळतं ते सांगते.

१९८४ साली मी आमच्या मनीवर लेख लिहिला. मनी व्याली ती आईच्या कपाटात, खालच्या खणात, थेट तिच्या लग्नातल्या शालूवर. चार पिल्लं. मी लिहिलं की आई लाटणं घेऊन मनीच्या मागे घरभर धावली, ओट्यावरचा डबा पडला, पीठ उधळलं, बाबा पांढरेफटक झाले. एका दिवाळी अंकात तो छापून आला. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. आईने दुपारी ओसरीवर बसून तो शेवटपर्यंत वाचला, अंक मिटला आणि म्हणाली, ‘मी लाटणं घेतलं नव्हतं गं.’ एवढंच. पण त्यानंतर स्वयंपाकघरात ती शेजारणीशी काही बोलत असली आणि मी आत आले, की ती विषय बदलायची. शेवटपर्यंत बदलायची. ती गेली त्याला आता बावीस वर्षं झाली.

खरं काय झालं होतं? आईने कपाटाचं दार चार बोटं उघडं ठेवलं आणि आम्हाला बजावलं, कुणी हात लावायचा नाही. तिच्या सगळ्या चांगल्या साड्या आत. दहा-बारा दिवस ती दोन सुती पातळं आलटून पालटून नेसत होती. त्यातच समोरच्या घरी लग्न निघालं. आई त्या धुवट पातळात लग्नाला गेली आणि कुणीतरी विचारलं तेव्हा अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, ‘कपाटात बाळंतीण आहे.’

हे वाक्य माझ्या कानांनी मी ऐकलं होतं! ते माझ्याजवळ असताना मी लाटणं लिहिलं. लाटणं कुणालाही सुचतं. ‘कपाटात बाळंतीण आहे’ हे माझ्या आईशिवाय कुणाला सुचणार होतं?

म्हणून सांगते, पाहिलंस तेच लिही. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं असं आपण सगळेच म्हणतो. पुढच्या खेपेला मी मोजली. माळा, बंबामागची जागा, तांदळाच्या कणगीची आडोशाची बाजू, बाबांची जुनी ट्रंक, आणि परत माळा. चारच जागा, त्यातली एक दोनदा. मानेला धरून एकेक पिल्लू नेताना मनीचं तोंड वर असतं, पिल्लाचे पाय पोटाशी आखडलेले असतात, आणि शेवटचं पिल्लू नेल्यावर ती रिकाम्या जागी पुन्हा एकदा येऊन वास घेऊन जाते. हे रचता येत नाही.

सुगरणीचं बघ. भाषेनंच तिला बाईचं नाव दिलं, तेव्हा घरटं मादी विणते असं आपण धरून चाललो. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला तासन्तास बसून बघितलं. विणतो तो नर. अर्धं घरटं टांगून तो पंख फडफडवत बोलावतो, माद्या येऊन आत शिरून पारख करतात आणि पसंत नसेल तर निघून जातात. पसंत पडलं की तो खालची नळी पुरी करतो, आणि मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. यात वरून कसला विनोद घालणार तू? बसून बघणं तेवढं आपलं काम.

मला नंतर पुष्कळांनी सुचवलं की जरा मीठमसाला घाला, शेवटी एक टाळी घ्या. एका संपादकांनी तर माझ्या लेखात स्वतःच एक वाक्य घुसवलं. मी त्यांच्याकडे पुन्हा लेख पाठवला नाही. नुकसान झालं, छापून यायचं कमी झालं. हट्टी म्हणाले लोक. म्हणोत. आईला मी दुसऱ्यांदा लाटणं देणार नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बेलच्या वायरीवर बुलबुलाने घरटं केलं. ह्यांनी दारावर पाटी लावली, ‘बेल वाजवू नये, हाक मारावी.’ दूधवाला तेव्हापासून फाटकातूनच अशी आरोळी ठोकायचा की बुलबुल उडून जायचा. मग ह्यांनी पाटी बदलली, ‘हळू हाक मारावी.’ दूधवाला पाटीजवळ येऊन कुजबुजायला लागला आणि आम्हाला ऐकूच जाईना. दोन दिवस दूध परत गेलं. यातलं एक अक्षर माझं नाही.

आता तुझं काम. आत्याकडे जा, फोन करू नकोस. तिच्या हातचा चहा घे आणि त्या लग्नात खरंच काय झालं ते तिलाच विचार. ती सांगेल तेव्हा वही काढू नकोस. लिहून झालं की छापायच्या आधी तिला वाचून दाखव. तिने ‘मी असं नव्हते म्हटलं’ म्हटलं की ते वाक्य खोड, कितीही जीव जडलेला असो.

आणि आठवडाभर रोज संध्याकाळी आजोबांच्या खुर्चीसमोर बस. ‘अहो, उठा’ म्हटल्यावर बोका लगेच उठतो की आधी पुढचे पाय ताणतो? आजोबा तोवर उभे राहतात का? किती वेळ? मला कळव.

तुझी,
काकू