इस्त्री बिघडली म्हणण्याआधी

बाळा, रेझिस्टन्स काढायला व्होल्टेजला करंटने भाग, पॉवर हवी तर दोन्हींचा गुणाकार कर. सूत्र एवढंच. घोटाळा होतो तो घरच्या व्होल्टेजचा 230 हा आकडा डोळे झाकून धरल्यामुळे.

1000 वॅटची इस्त्री घे. 230 व्होल्टला ती साधारण 4.35 अँपिअर ओढते, म्हणजे रेझिस्टन्स 52.9 ओहम. आता खानापूरकडच्या एखाद्या वाडीत शेतातल्या मोटारी चालू झाल्या आणि व्होल्टेज 190 वर आलं, तर? कॉइल तीच, ओहमही जवळपास तेच. करंट 3.59 वर येतो, पॉवर 682 वॅट. व्होल्टेज सतरा टक्के पडलं, पॉवर मात्र जवळजवळ तिसरा हिस्सा गेली! गिऱ्हाईक म्हणणार इस्त्री बिघडली. उगाच कॉइल बदलू नकोस, आधी सॉकेटला व्होल्टेज बघ की.

100 वॅटचा जुना पिवळा बल्ब मोजशील तर हिशोबाचे 529 ओहम दिसणारच नाहीत, 40 च्या आसपास दिसतील. मीटर खोटं बोलत नाही रे, मोजताना बल्बची तार थंड असते, पेटून तापली की तिचे ओहम खूप वाढतात. पंपाच्या मोटारीला मात्र हा साधा हिशोब लावू नकोस, तिथं पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरी पॉवर आहे ते सांगणारा आकडा.

ओहम मोजताना प्लग काढ. मी एकदा विसरलो, नवा मीटर गेला.