प्रयोगशाळेत कृत्रिम जीव तयार झालाय का? त्यात धोका काय?

अर्धाच झालाय. २०१० मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या चमूने एका जिवाणूचा सुमारे १०.८ लाख डीएनए-अक्षरांचा जनुकसंच कृत्रिमरीत्या जोडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूत घातला आणि तो त्याबरहुकूम वाढू लागला. पेशी मात्र आयतीच होती. २०१६ मध्ये त्यांनी फक्त ४७३ जनुकांवर जगणारा जिवाणू केला; त्यातल्या १४९ जनुकांचं नेमकं काम तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मला काळजी वाटते ती याचीच.

जनुकं बदललेल्या यीस्टकडून मलेरियाच्या औषधाचा कच्चा माल मिळतो, हा फायदा खराच. पण आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट्या रेणूंचे जिवाणू आपल्या प्रतिकारशक्तीला बहुधा ओळखू येणार नाहीत. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ते बनवूच नयेत असं जाहीरपणे बजावलं. त्यांच्यातले काही जण आधी स्वतःच त्या कामाला लागले होते.