आई बी, बाबा ए, मग मुलगी ओ निगेटिव्ह कशी?

हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतोच, आणि येतो तेव्हा घरात आधीच बरंच काही बोलून झालेलं असतं. म्हणून एका जोडप्याचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

शाळेच्या फॉर्मवर ब्लड ग्रुप लिहायचा म्हणून मुलीची टेस्ट केली, तर ओ निगेटिव्ह. बाबा ए पॉझिटिव्ह, आई बी पॉझिटिव्ह. झालं, सासूबाई म्हणाल्या आमच्या घराण्यात निगेटिव्ह कोणीच नाही, हे आलं कुठून? सरळ आरोप कोणी केला नाही पण बोलण्याचा रोख कळतोच ना. नवऱ्याने बायकोशी बोलणंच टाकलं आणि मग एकटाच आला, म्हणाला, "मॅडम, डीएनए टेस्ट कुठे होते?"

मी म्हटलं सांगते, पण आधी दोघं मिळून या, आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांचे ब्लड ग्रुप काढून आणा.

रिपोर्टवर नुसतं "ए" दिसतं, पण माणसाकडे जीन दोन असतात, एक आईकडून, एक वडलांकडून. ए किंवा बी सोबत असला की ओ दिसतच नाही. त्यामुळे ए ग्रुपवाला माणूस ए-ए असेल नाहीतर ए-ओ, रिपोर्ट सारखाच येणार.

दोघं आले तेव्हा त्याच्या हातात वडलांचं जुनं रक्तदानाचं कार्ड होतं, घड्या पडलेलं, त्यावर ओ पॉझिटिव्ह. सासूबाई ए. म्हणजे वडलांकडे त्याला द्यायला ओ सोडून दुसरं काही नव्हतंच, हा ए-ओ. बायकोने तिथूनच आपल्या आईला फोन लावला, आईचा ग्रुप ए निघाला. आई ए आणि लेक बी, याचा अर्थ आईकडून तिला ए आलाच नाही, ओ आला. ती बी-ओ. मी कागदावर चार चौकोन काढून दिले, ए-बी, ए-ओ, बी-ओ, ओ-ओ. दर बाळंतपणात चौथ्या चौकोनाची शक्यता २५ टक्के.

निगेटिव्हचंही तसंच, दोन पॉझिटिव्ह माणसांकडे न दिसणारा निगेटिव्ह असू शकतो, दोघांकडे असला तर पुन्हा चारात एक. दोन्ही एकत्र जुळायला सोळात एक, म्हणजे काही चमत्कार नाही.

ब्लड ग्रुप जुळला म्हणून बाप कोण हे सिद्ध होत नाही हेही त्याला स्पष्ट सांगितलं. ब्लड ग्रुपवरून फार तर "हे शक्य दिसत नाही" एवढं कळतं, आणि इथे तर तेही नव्हतं. आईबाबांपैकी एक एबी आणि मूल ओ असं आलं तर ते नेहमीच्या नियमात बसत नाही, पण तेव्हाही आधी टेस्ट पुन्हा करा. त्यात आपल्याकडे बॉम्बे ब्लड ग्रुप आहे, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला. यात एच अँटिजेनच नसतो, म्हणजे रक्तपेशीवरचा तो घटक ज्यापासून ए आणि बी तयार होतात, म्हणून ए किंवा बीचे जीन असूनही साध्या टेस्टमध्ये माणूस ओ दिसतो. हे न बघता बायकोवर संशय घेणं मला अजिबात पटत नाही.

बायको इतका वेळ गप्प होती, मग नवऱ्याला म्हणाली, "आईंना हे तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर." मला तिचं अगदी बरोबर वाटलं. त्याने सांगितलं, कागद दाखवून. सासूबाई बराच वेळ कार्डाकडे बघत बसल्या म्हणे, मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचाच ओ आला की पोरीला!"

पुढच्या वेळी त्याने विचारलं, मुलीला रक्त लागलं तर? ओ निगेटिव्हला ओ निगेटिव्हच लागतं, म्हणून तिच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि जवळच्या ब्लड बँकेचा नंबर घरात असू द्या. मोठी होऊन गरोदर राहिली की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत निगेटिव्ह आहे म्हणून सांगायचं, अँटी-डीचं इंजेक्शन (आईचं शरीर बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटिबॉडी बनवू नये म्हणून देतात ते) कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, बाळ पॉझिटिव्ह झालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते देतात.