वैमानिक की विमानिक?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाचीने विचारलंय: "मामा, हवाई दलाच्या सी-295 मालवाहू विमानांवरच्या निबंधात मी 'विमानिक' लिहिलं. आईने ते खोडून 'वैमानिक' केलं. शेजारच्या गुजराती जैन मासी म्हणतात, 'वैमानिक तो देव कहेवाय', म्हणजे वैमानिक तर देवांना म्हणतात. मग पायलटला म्हणायचं काय?"

आईचं बरोबर आहे. मासींचंही बरोबर आहे, आणि मला त्यांच्याच उत्तराने जास्त आनंद झाला.

आधी व्याकरण उरकू. 'इक' लागला की शब्दाचा पहिला स्वर बहुतेक वेळा वाढतो: दिन-दैनिक, विचार-वैचारिक, सेना-सैनिक, उद्योग-औद्योगिक. तसंच विमान-वैमानिक. तुझी चूक झाली ती रसिक, धनिक, श्रमिक असे शब्द कानात असल्यामुळे. त्यांत पहिला स्वर तसाच राहतो, कारण तिथला प्रत्यय दिसायला सारखा असला तरी वेगळा आहे. कान तयार असल्याशिवाय अशी चूक होत नाही.

आता मासी. जैन परंपरेत देवांचे चार वर्ग सांगितले आहेत: भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क आणि वैमानिक. यातले वैमानिक सर्वांत वरचे. ते विमान चालवत नाहीत, विमानात राहतात, कारण इथे विमान म्हणजे स्वर्गातला प्रासाद. लहानपणापासून व्याख्यानांत हा शब्द ऐकलेल्या बाईला तुझा वैमानिक ऐकून नवल वाटणारच. उत्तरायणात गच्चीवर पतंग उडवताना वरून हवाई दलाचं विमान गेलं, की त्याच मासी 'प्लेन गयुं' म्हणतात. 'विमान' शब्द त्या देवांसाठी राखून ठेवतात.

मुळात 'विमान' आला मापण्यातून. वि आणि मा, म्हणजे मोजणे. ऋग्वेदातल्या हिरण्यगर्भसूक्तात 'यो अन्तरिक्षे रजसो विमानः' असं आहे: अंतरिक्षातला अवकाश जो मापतो तो. आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या एका भागाचं नावही 'विमानस्थान' आहे. तिथे उडायचं काही नाही, दोष, औषधं यांचं प्रमाण जाणून घ्यायचं आहे. पुढे मोजून बांधलेला प्रासाद, देवळाचं शिखर, देवांचं वाहन, रामायणातलं पुष्पक असे अर्थ आले. मराठी घरांत तुकोबांना न्यायला आलेलं विमान भिंतीवरच्या चित्रात होतं. त्यामुळे यंत्राचं विमान आलं तेव्हा नवा शब्द घडवायची गरज पडली नाही.

चालवणाऱ्याचं मात्र तसं नव्हतं. इंग्रजीने 'पायलट' जहाजावरून उचलला. बंदरात शिरताना मोठी जहाजं आजही पायलट घेतात. आपल्याकडे तांडेल होता, सारथी होता, पण रुजला तो वैमानिक. मला वाटतं सैनिक आणि नाविक यांच्या पंगतीत तो शोभला म्हणून.

त्याचा मूळ अर्थ 'विमानाचा, विमानासंबंधीचा' एवढाच. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाच्या नावात तो तसाच आहे, पायलट म्हणून नाही. हा ग्रंथ प्राचीन म्हणून सांगितला जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये तो तपासला, तेव्हा तो 1904 च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत असं आढळलं. निबंधात तो पुरावा म्हणून घालू नकोस.

एक चूक वर्तमानपत्रांतही दिसते: विमानातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना 'वैमानिक' म्हणणं. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून 'पस मॉथ' या छोट्या विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. एका इंजिनाच्या त्या विमानात टाटा एकटेच होते, तेव्हा वैमानिक म्हणा, कर्मचारी म्हणा, एकच माणूस. सी-295 मध्ये दोन वैमानिक विमान चालवतात, मागे सामान किंवा छत्रीधारी सैनिक सांभाळणारे वेगळे असतात. ते विमानकर्मी. हवाई दलासाठीच्या 56 पैकी 40 विमानं आपल्या बडोद्यात जोडली जाणार आहेत. ती जोडणाऱ्यांनाही वैमानिक म्हणू नये. ते तंत्रज्ञ.

निबंधाच्या शेवटी तू 'मला महिला वैमानिक व्हायचंय' लिहिलंयस. 'महिला' काढ. सरला ठकराल यांनी 1936 मध्ये, 21 व्या वर्षी, साडी नेसून 'जिप्सी मॉथ' विमान एकटीने उडवलं. त्या वैमानिक होत्या. संस्कृत वळणाने 'वैमानिकी' होईल, पण तो शब्द आता विमानविद्येसाठी रूढ आहे. 'मला वैमानिक व्हायचंय' एवढंच लिही, आणि मासींना वाचून दाखव.