व्हिडिओ मुलाखतीत उमेदवार कसा पारखावा?

प्रश्न : आमच्या कंपनीत पहिली मुलाखत आता व्हिडिओ कॉलवरच होते. काही उमेदवार प्रत्येक प्रश्नानंतर क्षणभर थांबतात आणि बोलताना आमच्या नजरेला नजर देत नाहीत. आत्मविश्वासाच्या रकान्यात त्यांचे गुण कमी करावेत का?

उत्तर : मुळीच नाही, किंबहुना व्हिडिओ मुलाखतीच्या गुणपत्रकातून तो रकानाच काढून टाकावा, असे माझे मत आहे. उमेदवार आपल्याकडे पाहतो आहे असे तुम्हाला वाटण्यासाठी त्याला तुमच्या चेहऱ्याकडे नव्हे, तर पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या कॅमेऱ्याकडे पाहावे लागते. त्यामुळे जो खरोखरच तुमच्या चेहऱ्यावरचे भाव टिपत बोलतो, नेमका तोच तुम्हाला नजर चुकवणारा वाटतो. थांबण्याचेही तसेच आहे. समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात, असे २००९ मध्ये दहा भाषांच्या अभ्यासातून आढळले. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत बहुतेक वापरांसाठी चालण्याजोगा मानला आहे. पण तुमचा प्रश्न जाऊन उत्तर परत यायचे असल्याने हा विलंब दुप्पट होतो, आणि ताबडतोब बोलू लागलेला उमेदवारही तुम्हाला अर्धा सेकंद गप्प राहिल्यासारखा भासतो. अशा विलंबाचा दोष ऐकणारा माणूस नकळत बोलणाऱ्याच्या स्वभावाला देतो, हेही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले आहे.

यावर उपाय जुनाच आहे, फक्त तो आता अधिक कसोशीने पाळावा लागेल. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे हे आधी लिहून ठेवावे आणि प्रत्येक उत्तर संपताच गुण मांडावेत. मुलाखत संपल्यावर एकंदर छाप आठवून गुण देऊ नयेत. आवाज तपासण्यात गेलेली सुरुवातीची मिनिटे मूल्यमापनात धरू नयेत. शक्य असेल तेथे प्रत्यक्ष कामाचा एखादा लहान नमुना करून घ्यावा, कारण त्यावर इंटरनेटच्या वेगाचा फारसा परिणाम होत नाही.

प्रश्न : एका कंपनीने मला पडद्यावर उमटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकट्यानेच रेकॉर्ड करून पाठवायला सांगितली आहेत. माझा चेहरा पाहून संगणक गुण देणार का?

उत्तर : तसे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तुम्ही लेखी विचारावे. या क्षेत्रातील हायरव्ह्यू या मोठ्या कंपनीने चेहऱ्याचे विश्लेषण बंद केल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात २०२० पासून अशा विश्लेषणापूर्वी उमेदवाराला कळवून त्याची संमती घेणे बंधनकारक आहे, तर युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी यंत्राद्वारे भावना ओळखण्यास, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून मनाई आहे. इतरत्र मात्र नियम वेगवेगळे आहेत. रेकॉर्डिंग कोण पाहणार आणि ते किती दिवस ठेवणार, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. एवढ्या साध्या प्रश्नाने बिथरणाऱ्या कंपनीत पुढे काय वाढून ठेवले असेल, याचाही त्यातून अंदाज येतो.

प्रश्न : आमच्या सगळ्याच बैठका व्हिडिओवर घ्याव्यात, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?

उत्तर : सरसकट नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एकत्र बसलेल्या जोड्यांना व्हिडिओवरील जोड्यांपेक्षा अधिक कल्पना सुचल्या. सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडण्यात मात्र व्हिडिओवरील जोड्या मागे पडल्या नाहीत. तेव्हा नवे काही शोधायचे असेल तर एका खोलीत जमावे आणि पर्याय ठरलेले असतील तर व्हिडिओवर निर्णय घ्यावा. नुसता कामाचा आढावा असेल, तर ईमेल पुरेसा आहे.